परत लावला की होतो

नवं बिल्ड मशीन घ्यायचं ठरलं की मॅनेजर मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. "कोअर दुप्पट केले तर बिल्ड निम्म्या वेळात होईल ना?" पुण्यात बिल्ड इंजिनिअर म्हणून काम करताना मी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की उत्तरही पाठ झालंय. निम्म्या वेळात होणार नाही. आणि पहिले काही आठवडे तो रोज होईलच, याचीही खात्री देता येणार नाही.

दुसरं वाक्य ऐकून लोक हसतात. मशीन आल्यावर हसत नाहीत.

या कामात आपणहून कुणी येत नाही. बिल्ड सांभाळणं ही अख्खी नोकरी असू शकते, हे कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. आमच्या कंपनीत एक सीनियर होते, सगळ्या मेकफाइली तेच बघायचे. त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या शेजारी बसून वही भरणारी मी एकटीच होते, म्हणून ते खातं माझ्याकडे आलं. आमचं प्रॉडक्ट इंजिनिअरिंग डिझाइनचं, अवाढव्य, बहुतेक सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं. ते लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीकडे चालायला हवं. कोड एकच, पण लिनक्सवर मेक, विंडोजवर एमएसबिल्ड, मॅकवर थोडं मेक नि थोडं एक्सकोड, आणि कडेला जावाचा एक भाग होता त्याला मेवन. रात्री सगळे बिल्ड लागायचे आणि सकाळी लोक जागेवर येण्याआधी ते हिरवे दिसायला हवेत.

कल्पना तशी साधी आहे. हजारो फायली असतात. प्रत्येक वेगळी कंपाइल होते आणि शेवटी सगळ्या एकत्र लिंक होतात. ज्या फायलींचा एकमेकींशी संबंध नाही त्या एकाच वेळी कंपाइल करायला काय हरकत आहे? काहीच नाही. फक्त संबंध आहे की नाही, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं तेव्हापासून करार हाच आहे: कुठली फाइल कशापासून बनते ते तुम्ही सांगा, क्रम मी लावतो. तुम्ही अर्धंच सांगितलंत तर मेक कुरकुर करत नाही. जेवढं सांगितलंय तेवढ्यावर क्रम लावून मोकळं होतं.

आमच्याकडे अर्धंच सांगितलेलं होतं, आणि ते कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जुनं मशीन चार कोअरचं होतं. त्यावर एका वेळी चार कामं चालायची आणि बिल्ड बिनतक्रार व्हायचा. मग सोळा कोअरचा सर्व्हर आला. वेळ खरंच खूप कमी झाला. पण दर तीन-चार रात्रींनी बिल्ड फुटायला लागला, आणि प्रत्येक वेळी तक्रार तीच: मेसेजेस डॉट एच नावाचं हेडर सापडत नाही. सकाळी येऊन बघावं तर फाइल आपल्या जागेवर व्यवस्थित बसलेली. कुणीतरी बिल्ड परत लावायचं आणि तो व्हायचा. "परत लावला की होतो," हे वाक्य आमच्या मजल्यावर तेव्हा दिवसातून एकदा तरी ऐकू यायचं. नव्या सर्व्हरची मेमरी खराब आहे, डिस्क खराब आहे, नेटवर्क खराब आहे, असे सगळे अंदाज करून झाले. आयटीवाल्यांनी मेमरी बदलूनही दिली.

लॉगच्या ओळींना वेळेचे शिक्के लावले तेव्हा गोष्ट उघड झाली. रात्री दोन वाजून चौदा मिनिटं नऊ सेकंदांनी हेडर तयार करणारी स्क्रिप्ट सुरू झाली. दहाव्या सेकंदाला सेशन डॉट सीपीपी कंपाइल व्हायला लागली. त्याच सेकंदात ती हेडर नाही म्हणून मेली. अकराव्या सेकंदाला स्क्रिप्ट संपली आणि हेडर जन्माला आलं. ते हेडर दुसऱ्या एका फायलीवरून आपोआप तयार व्हायचं, आणि सेशन डॉट सीपीपीला ते लागतं हे मेकफाइलीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. चार कामं एका वेळी चालत होती तोवर यादीत वरच्या बाजूला असलेल्या स्क्रिप्टला संपायला पुरेसा वेळ मिळायचा. सोळा कामं एकदम सुटल्यावर सेशनचा नंबर एक सेकंद आधी लागला. बस, एवढंच.

यावर तीन उपाय सुचवले गेले, आणि ते तिन्ही पुढे मला प्रत्येक कंपनीत भेटले. पहिला: "सध्या एकेकच काम चालवू, रिलीज झाल्यावर बघू." ते रिलीजनंतरचं बघणं कधी येत नाही. मग सोळा कोअरांपैकी पंधरा रात्रभर झोपा काढतात. दुसरा: फुटला तर बिल्ड आपोआप दोनदा परत लागेल अशी सोय करायची. हा सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत महागडा उपाय, कारण त्यानंतर खरी फूट आणि खोटी फूट यांत फरकच उरत नाही. तिसरा: मध्ये थोडं थांबायचं. एका कंपनीत जुनी मेकफाइल साफ करताना मला 'स्लीप ५' अशी ओळ सापडली होती. तिच्यावर कुणीतरी टीप लिहिली होती: "काढू नये. का ते माहीत नाही." त्या टिपेचा प्रामाणिकपणा मला अजून आवडतो. पण ती ओळ त्या मशीनपुरती खरी होती. डिस्क हळू असती तर पाच सेकंदही पुरले नसते.

चौथा उपाय म्हणजे जे खरं आहे ते मेकफाइलीत लिहिणं. आमच्या बाबतीत ती एका ओळीची दुरुस्ती होती. पण तशा ओळी शेकड्याने निघाल्या आणि त्यांत कित्येक महिने गेले. दर शुक्रवारी लॉग घेऊन बसायचं, कुठली फाइल कुठल्या हेडरच्या आधी पळाली ते शोधायचं, ओळ घालायची. कुणाच्या अप्रेझलमध्ये येणारं हे काम नव्हे. एका मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, "या आठवड्यात नवीन काय केलंस?" मी म्हटलं, "जे आधीपासून होतं ते लिहून काढलं." त्यांना ती चेष्टा वाटली.

तिन्ही प्लॅटफॉर्मवर एकच कोड असणं हे तोवर मला ओझं वाटायचं. पण तिन्हींची खोड वेगळी असते, आणि एकाने लपवलेलं दुसरा बोलून दाखवतो. मॅकचंच बघा. ॲपल आजही सोबत मेकची ३.८१ ही आवृत्ती देतं, आणि ती २००६ सालची आहे. पुढच्या आवृत्त्यांचं लायसन्स बदललं, ते ॲपलला नको होतं, म्हणून गाडी तिथेच थांबली. दरम्यान लिनक्सवरचं मेक पुढे गेलं. ३.८२ मध्ये वाइल्डकार्डने आलेल्या फायलींची नावं वर्णक्रमाने लावणं बंद झालं, ४.३ मध्ये ते परत सुरू झालं. म्हणजे तीच मेकफाइल, तोच कोड, पण मॅकवर एक क्रम आणि मधल्या काळातल्या लिनक्सवर दुसरा. "माझ्या मशीनवर तर होतो" म्हणणारा डेव्हलपर खोटं बोलत नसतो.

त्याच ४.३ मध्ये एक चांगली सोय आली. एकाच कामातून दोन फायली तयार होत असतील तर तसं स्पष्ट सांगता येऊ लागलं, नियमात कोलनच्या आधी अँपरसँड टाकून. आमच्याकडे बायसन एकाच फटक्यात पार्सरची सी फाइल आणि तिचं हेडर दोन्ही बनवायचं. एका हुशार मुलाने नवी खूण वापरून तो नियम नीटनेटका केला. लिनक्सवर झकास चाललं. मॅकवर आठवड्याने एक विचित्र एरर आली: हेडरमधला इफ-एनडेफ बंदच केलेला नाही. हेडर उघडून बघितलं तर शेवटी एंडिफ ठळकपणे बसलेलं. त्या मुलाने माझ्याकडे स्क्रीन वळवून विचारलं, "मॅडम, हे कंपाइलरला दिसत नाहीये का?"

कंपाइलरला ते खरोखरच दिसलं नव्हतं. जुन्या मेकला अँपरसँडचा नवा अर्थ माहीत नाही. त्याने ती आणखी एका फायलीचं नाव समजली, इशारा वगैरे काही न देता. मग सी फाइल हवी म्हणून बायसन एकदा चाललं आणि हेडर हवं म्हणून दुसऱ्यांदा. दोन्ही एकाच वेळी चालू शकत होती. पहिलं संपून कुणीतरी हेडर वाचायला घेतलं, नेमकं तेव्हाच दुसऱ्याने तेच हेडर कोरं करून पुन्हा लिहायला घेतलं. वाचणाऱ्याला अर्धी फाइल मिळाली. आपण सकाळी उघडून बघेपर्यंत ती पूर्ण झालेली. शेवटी तो नियम आम्ही पॅटर्न रूलच्या जुन्या पद्धतीने लिहिला. पॅटर्न रूलमध्ये दोन फायली दिल्या तर ग्नू मेक ते काम एकदाच करतं, ३.८१ सुद्धा. नव्या सोयीपेक्षा दिसायला ओबडधोबड, पण दोन्हीकडे चालणारी.

विंडोजबद्दल मला खूप काळ राग होता. प्रोसेस सुरू व्हायला वेळ, अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल हुंगणार, लांब पाथ चालणार नाहीत. त्यात समांतरपणाच्या दोन वेगळ्या कळा. एमएसबिल्डला सांगितलं तर ते अनेक प्रोजेक्ट एकाच वेळी घेतं. कंपाइलरला एमपीचा पर्याय दिला तर तो एका प्रोजेक्टमधल्या अनेक फायली एकाच वेळी घेतो. दोन्ही चालू केले की सोळा गुणिले सोळा. टास्क मॅनेजरमध्ये सीएल डॉट ईएक्सईच्या नावाची रांग खाली सरकत जाते आणि माउससुद्धा अडखळत चालतो. शिवाय डीबगची माहिती सगळे मिळून एकाच पीडीबी फायलीत लिहायला जातात आणि सी १०४१ नावाची एरर येते. तिच्या मजकुरातच उपाय लिहिलेला असतो, एफएसचा पर्याय लावा म्हणून. बहुतेक लोक एररचा नंबर गुगलतात, वाक्य पूर्ण वाचत नाहीत.

पण राग गेला तो एका कॉपीमुळे. आमच्या दोन मोड्यूल्सना एकच बाहेरची लायब्ररी लागायची, आणि बिल्ड झाला की दोन्ही मोड्यूल ती एकाच बिन फोल्डरमध्ये कॉपी करायची. विंडोजवर दोन्ही कॉप्या एकाच क्षणी आल्या की दुसरी फुटायची: फाइल दुसऱ्या प्रोसेसच्या ताब्यात आहे. लिनक्सवर कधीच काही नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांचा सूर एकच, विंडोजच्या लॉकिंगचा त्रास, कॉपीला पुन्हा प्रयत्न करायला लावा. नव्याने आलेल्या एका मुलीने भाबडा वाटेल असा प्रश्न विचारला: "पण दोन्ही एकच फाइल कॉपी करतायत ना? नक्की?"

बघितलं. एकच नव्हती. नाव तेच, आवृत्त्या दोन. एका टीमने वर्षभरापूर्वी लायब्ररी पुढे नेली होती, दुसरीने नाही. लिनक्सवर दोन्ही कॉप्या गुपचूप व्हायच्या आणि शेवटी जी आली ती राहायची. म्हणजे ग्राहकाला जाणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये कुठली आवृत्ती जाणार, ते त्या रात्री कुठलं मोड्यूल आधी संपलं यावर ठरत होतं. सपोर्टकडे एक तक्रार कित्येक महिने लोंबकळत होती, एका बिल्डमध्ये दिसते नि पुढच्यात नाही अशी. ती त्या दिवशी मिटली. ज्या प्लॅटफॉर्मला आम्ही कटकट्या म्हणत होतो तो एकटाच खरं बोलत होता. तेव्हापासून एखादा प्लॅटफॉर्म फुटला आणि बाकीचे दोन शांत असले, की मी आधी शांत असलेल्यांकडे संशयाने बघते.

मोजणी हा या धंद्यातला दुसरा मोठा भाग. प्रत्येक बिल्ड टूलला वाटतं, मशीन आपल्या एकट्याचं आहे. एकच टूल असेल तर ते ठीक. पण खऱ्या प्रोजेक्टमध्ये मेक एका स्क्रिप्टला बोलावतं, स्क्रिप्ट दुसऱ्या मेकला, ते सीमेकला, सीमेक निंजाला, आणि मध्येच कुणीतरी ग्रेडल चालू करतं. प्रत्येकजण कोअर मोजतो आणि तेवढी कामं सोडतो.

ग्नू मेककडे यावर जुनी आणि देखणी तोड आहे, जॉबसर्व्हर नावाची. वरच्या मेकला आठ कामांची परवानगी दिली तर ते एक पाइप उघडून त्यात सात बाइट टाकतं. आठवं काम ज्याचं त्याला फुकट. खालच्या कुठल्याही मेकला जास्तीचं काम सुरू करायचं असेल तर त्याने पाइपमधून एक बाइट उचलायचा आणि काम संपलं की परत टाकायचा. एकेरी रेल्वेमार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जात नसे, तसंच. टोकन जेवढी, तेवढ्याच गाड्या. कितीही मेक एकमेकांच्या पोटात असोत, एकूण कामं आठच राहतात.

पण टोकन मध्येच हरवतं. आमच्या एका बिल्डमध्ये दोन स्क्रिप्टा होत्या. एकीत कुणीतरी मेकला आठ हा आकडा हाताने लिहून दिला होता. ते मेक वरचा जॉबसर्व्हर सोडून स्वतःचा नवा संसार थाटायचं, आणि मशीनवर कामांचा महापूर यायचा. दुसरीत मेकला अशा तऱ्हेने बोलावलं होतं की पाइप तिथपर्यंत पोचायचाच नाही, मग ते मेक गुपचूप एकेक काम करत बसायचं. एकाच बिल्डमध्ये अर्धा वेळ मशीन धापा टाकतंय आणि अर्धा वेळ पंधरा कोअर रिकामे. दोन्हींबद्दल मेक लॉगमध्ये स्पष्ट इशारा छापत होतं, दुसऱ्यात तर ओळीच्या सुरुवातीला अधिक चिन्ह घाला असा उपायही. कित्येक वर्षं छापत होतं. इशाराच होता, एरर नव्हती, म्हणून कुणी वाचला नव्हता.

निंजाला हा जॉबसर्व्हर समजायला फार वेळ लागला. क्रोमवर काम करताना इव्हान मार्टिन यांनी निंजा लिहिलं ते वेगासाठी, आणि वेगात ते अजूनही भारी आहे. न सांगताही ते कोअरच्या हिशेबाने कामं सोडतं. पण दुसऱ्याच्या पाइपमधलं टोकन घ्यायला ते शिकलं २०२५ मध्ये, १.१३ या आवृत्तीत. तोवर मेकच्या आत निंजा चालवणाऱ्यांनी हाताने आकडे बसवत दिवस काढले. कार्गो मात्र निंजाच्या कितीतरी आधी समजूतदार झालं. रस्टवाल्यांनी हे वेळीच ओळखलं होतं.

पुढे मी गाडीच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत गेले. तिथे अख्खं लिनक्सच योक्टोने बांधायचं. योक्टोमध्ये दोन आकडे असतात: किती पॅकेजं एका वेळी, आणि प्रत्येक पॅकेजात किती कामं. दोन्ही न लिहिता सोडले तर दोन्हींची किंमत मशीनच्या कोअरइतकी. चौसष्ट कोअरच्या सर्व्हरवर हे गणित आपलं आपण करून बघा. एरवी निभतं, कारण सगळी पॅकेजं एकदम जड नसतात. पण वेबकिट आणि एलएलव्हीएम एकाच वेळी सुरू झाले की मेमरी संपते. लॉगमध्ये येतं, सीसीवनप्लस किल्ड. एक ज्युनियर धावत आला, "मॅडम, कुणीतरी आपला कंपाइलर मारला!" त्याला कर्नलचा लॉग दाखवला. मारेकरी लिनक्स स्वतःच होतं. मेमरी संपली की सगळ्यांत जास्त खाणारा शोधून ते मारतं. त्यानंतर आम्ही कोअरबरोबर मेमरीही मोजायला लागलो. आमच्या कोडला एका सी प्लस प्लस कामामागे दोन जीबी धरायचे आणि कोअर नि मेमरी यांतून जो आकडा लहान येईल तो लावायचा. लिंकिंगला त्याहून कितीतरी जास्त लागते, म्हणून निंजामध्ये लिंकसाठी वेगळा पूल करून एका वेळी दोनच लिंक चालू द्यायच्या. बिल्ड कागदावर सावकाश झाला. प्रत्यक्षात लवकर व्हायला लागला, कारण पहाटे चारला मरत नव्हता.

कंटेनर आल्यावर मोजणीत नवीनच गोंधळ झाला. डॉकरला चारच कोअरचा कोटा दिलेला असतो, पण आतून जुन्या एनप्रॉकला विचारलं तर ते यजमान मशीनचे चौसष्ट कोअर सांगतं. त्याला कोट्याचा पत्ता नाही. टूल चौसष्ट कामं सोडतं आणि ती सगळी चार कोअरच्या वेळेत रांगत राहतात. आता कंटेनरमधल्या कुठल्याही बिल्डला मी आकडा बाहेरून देते.

जावाच्या भागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मेवनला कोअरमागे एक थ्रेड दिला की एखादं प्लगइन समांतर चालायला सुरक्षित नाही असा इशारा येतो, आणि तो खरा असतो. दोन टेस्ट एकच पोर्ट उघडायला जातात. ते बदला.

नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी लॉग वाचायला बसवते, आणि तोही खालून वर. समांतर बिल्डमध्ये शेवटची ओळ जवळजवळ नेहमीच निरपराध असते. एक काम फुटलं की मेक नवीन कामं सोडणं थांबवतं, पण चालू असलेली पंधरा पूर्ण होऊ देतं. त्यामुळे खरी एरर चारशे ओळी वर असते आणि तिच्या खाली पंधरा जणांचं यशस्वी बोलणं, तेही एकमेकांत मिसळलेलं. मेक ४.० मध्ये आउटपुट-सिंकचा पर्याय आला, प्रत्येक कामाचं बोलणं संपल्यावर एकगठ्ठा छापायचा. तो लावल्यापासून आमचे निम्मे वाद बंद झाले. त्याआधी एकाच्या फायलीचा इशारा दुसऱ्याच्या फायलीच्या नावाखाली छापून यायचा आणि भलत्याच माणसाला रात्री अकराला फोन जायचा. जर्मनीतल्या टीमची संध्याकाळ आणि आपली रात्र, या हिशेबात त्या फोनांनी बरेच संबंध बिघडवले आहेत.

आता मॅनेजरांच्या प्रश्नाकडे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेली मर्यादा सगळे पाठ्यपुस्तकात शिकलेले असतात: कामाचा जो भाग एकामागून एकच होऊ शकतो तो कितीही कोअर आणले तरी तेवढाच राहतो. आमच्या बिल्डमध्ये तो भाग कुठला आहे ते मात्र कुणी बघितलं नव्हतं. निंजा प्रत्येक कामाची सुरुवात नि शेवट स्वतःच्या लॉगमध्ये लिहून ठेवतं. ते आकडे काढून पट्ट्या आखल्या तेव्हा दिसलं, शेवटची सहाएक मिनिटं एकच पट्टी चालतेय आणि बाकी सगळं रिकामं. ती एक आपोआप तयार होणारी भलीमोठी टेबलांची फाइल होती. नाव व्ही अक्षराने सुरू व्हायचं, म्हणून नंबर शेवटी लागायचा. तिला यादीत सगळ्यांत वर नेलं, मग तिचे चार तुकडे केले. एकही कोअर न वाढवता बिल्ड जवळजवळ तेवढा सगळा वेळ लवकर संपायला लागला. निंजा १.१२ पासून मागच्या बिल्डच्या वेळांवरून लांबलचक साखळी ओळखून ती आधी सुरू करतं, पण एका अखंड फायलीचे तुकडे ते करू शकत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. नवीन सर्व्हरची फाइल माझ्याकडे सहीला आली की मी आधी अशा पट्ट्या मागते. निम्म्या वेळा खरेदी लांबणीवर पडते.

एक विनंती करून थांबते, खास करून अजून मेकवर असलेल्यांना. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीत शफल नावाचा पर्याय आहे. तो लावला की मेक तुम्ही सांगितलेले संबंध पाळतं आणि बाकी क्रम मुद्दाम पिसतं. सोळा कोअरच्या मशीनवर तीन महिन्यांनी उघड होणारी उणीव त्यामुळे चार कोअरच्या लॅपटॉपवर एका संध्याकाळी सापडते. बिल्ड फुटला तर एररच्या ओळीच्या शेवटी शफलचा आकडा छापलेला असतो. तोच आकडा परत दिला की क्रम पुन्हा तोच लागतो, त्यामुळे नशिबाची वाट बघत बसावं लागत नाही. आठवड्यातून एका रात्रीच्या बिल्डला तो लावा, आणि फुटला तर आकडा तिकिटात लिहून ठेवा. मॅकवाल्यांनी आधी होमब्रूवरून नवं मेक घ्या. ते जीमेक या नावाने बसतं. सोबत आलेल्या ३.८१ ला शफल माहीत नाही.